जाऊबाईंच्या पाच खिडक्या

आमच्या थोरल्या जाऊबाई एकट्या पाच जणांचं काम करतात, असं आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जातं. सांगणाऱ्या कधी सासूबाई असतात, कधी माझे दीर, आणि गेल्या दोन वर्षांत तर माझा सख्खा नवरासुद्धा. पाहुण्याला वाटतं घरकामाबद्दल बोलणं चाललंय. मग त्याला मधल्या खोलीत नेतात. तिथे कॉम्प्युटरवर एकाच खेळाच्या पाच खिडक्या उघडून, पाच शिपाई एकाच वेळी लढवत बसलेल्या वहिनी त्याला दिसतात. पाहुणा तोंडात बोट घालतो आणि मी चहा ठेवायला उठते.

आधीच सांगून टाकते, म्हणजे हिने लपवलं असं नंतर कोणी म्हणायला नको. मी त्यांच्यावर जळते. दिसण्यावरून नाही, कारण दिसायला आम्ही दोघीही यथातथाच. दागिन्यांवरून नाही, कारण त्या घालतच नाहीत. जळते ती एवढ्यासाठी, की हा खेळ माझा होता. घरात तो मी आणला, त्यांना माउस कसा धरायचा इथपासून मी शिकवलं, आणि आता माझ्याच खेळात मला चहाला उठावं लागतं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

वहिनी दातांच्या लॅबमध्ये काम करतात. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, खिडकीशी लांब ओटा, ओट्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. डॉक्टर खालून रुग्णांच्या तोंडाचे ठसे पाठवतात, त्यावरून वहिनी कवळ्या बनवतात. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचं, कुठे उंच लागतो तिथे केसभर घासायचं. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा त्यांना बघत उभी राहिले. डाव्या हातात मेणाची चिमूट, उजव्या हातात तापवलेली पातळ सुरी, उजवा पाय घासायच्या यंत्राच्या पेडलवर, आणि तोंडाने शेजारच्या बाईशी कोणाच्या तरी लग्नाच्या गप्पा. हात, पाय, तोंड, तिघांचे तीन संसार. मी कुरिअरच्या कचेरीत पार्सलांचे पत्ते टाइप करते. माझी दहाही बोटं एकाच कामाला लागतात आणि तरी चुकतात.

सासूबाई म्हणतात, थोरलीच्या हाताला यश आहे. त्यांची स्वतःची कवळी वहिनींनीच केली आहे, त्यामुळे त्या हे वाक्य अगदी चावून चावून म्हणतात.

तर खेळ. कचेरीतल्या एका मैत्रिणीने मला तो दाखवला तेव्हा माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. त्यात पाच जणांची तुकडी लागते. ढालवाला सगळ्यात पुढे राहून मार खातो, त्याच्यामागे धनुर्धर, गोफणवाला, मशालजी, आणि सगळ्यांच्या मागे वैद्य. वैद्याने ढालवाल्याला औषध मारून जिवंत ठेवायचं. सासूबाई सोडून घरात माणसं होती चार आणि परगावी वन्सं, म्हणजे बरोबर पाच झाले. वैद्य मी झाले, कारण तो मागे सावलीत उभा असतो. धनुर्धर माझे मोठे दीर. गोफण माझ्या नवऱ्याकडे, मशाल वन्संकडे. ढाल कोणालाच नको होती. वहिनी म्हणाल्या, मला द्या, मला काय कळतंय.

नावं नवऱ्याने ठेवली. माझ्या वैद्याचं नाव कडूगोळी. मी विचारलं, कडू का? तो म्हणाला, गोळी आहे म्हणून. वहिनींच्या ढालवाल्याचं नाव दाढ, भाऊजींच्या धनुर्धराचं सुस्तबाण, वन्संच्या मशालजीचं पाहुणी. स्वतःचं नाव त्याने उद्या ठेवलं, आणि या घरात कोणाचं नाव इतकं बरोबर पडलं नसेल.

ते दीड वर्ष सुखाचं गेलं. दर रविवारी दुपारी तीनला आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसायचो. वहिनी आणि मी एका बाजूला खुर्चीला खुर्ची लावून, दोघे भाऊ समोर, वन्सं फोनच्या स्पीकरवर. वहिनी मार खायच्या, मी औषध मारायचे. त्यांचा जीव माझ्या हातात, ही गोष्ट मला फार आवडायची. आठवडाभर सगळं घर थोरली थोरली करत असे. रविवारी दोन तास थोरलीला माझ्यावाचून पाऊल टाकता यायचं नाही.

मग एकेक गळाला. भाऊजींची मान दुखायला लागली. नवऱ्याने पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत सोडलंच. वन्संना बाळ झालं. आणि मी? मला कचेरीत बढती मिळाली, रविवारचं अर्धं काम माझ्या टेबलावर आलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात वहिनींना म्हटलं, "माझी कडूगोळी पण तुम्हीच चालवा आता." पासवर्ड कागदावर लिहून दिला. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, छे गं, तुझ्याशिवाय कसली मजा. त्यांनी कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला.

दोन महिने मला काही कळलं नाही. मग एका रविवारी कामावरून परत आले तर मधल्या खोलीत गर्दी. दोघे भाऊ, सासूबाई, शेजारच्या बाई, सगळे वहिनींच्या खुर्चीमागे. पडद्यावर एक मोठी खिडकी, तिच्या कडेला चार छोट्या. पाचही शिपाई एका दमात वळत होते, एका दमात थांबत होते.

वहिनींनी हॉटकी बसवल्या होत्या. त्यासाठी एक छोटा फुकटचा प्रोग्राम मिळतो. त्याच्या फाईलमध्ये लिहून द्यायचं, की हे बटण दाबलं की पहिल्या खिडकीत अमुक कर, दुसरीत तमुक, तिसरीत गप्प राहा. म्हणजे तुम्ही बोट एकदा टेकवायचं आणि पाच खिडक्यांत पाच वेगळी कामं व्हायची. खेळाच्या नियमात ते बसत होतं, मी खोडसाळपणे तपासून पाहिलं होतं. वहिनींना ही कल्पना कुठून सुचली असं भाऊजींनी विचारलं, तर म्हणाल्या, लॅबमध्ये जबडा चौकटीत बसवला की एक बिजागरी हलवून सगळे दात एकदम हलवून बघता येतात, तसंच आहे की हे.

आणि त्यांचा कीबोर्ड तर बघण्यासारखा. ज्या बटणांवर हॉटकी होत्या त्यांवर त्यांनी कवळीच्या हिरड्यांचं गुलाबी अॅक्रिलिक लावून उंचवटे केले होते, बोटाला न बघता कळावं म्हणून. एकावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर आडवी रेघ. टेबलाखाली लॅबमधलं जुनं मोडीत निघालेलं पेडल, दुरुस्तीवाल्याकडून वायर जोडून आणलेलं. ते पायाने दाबलं की बाकीचे चौघे त्यांच्या दाढेच्या मागे धावायचे. सासूबाई म्हणाल्या, शिवणयंत्र झालं हे. सगळे हसले. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी होते आणि कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत माझी कडूगोळी माझ्याशिवाय पळत होती. छान पळत होती, हे जास्त लागलं.

त्यानंतर वहिनींचं नाव झालं. अनोळखी लोक खेळात त्यांच्यामागे उभे राहून बघायचे. एकदा तर त्यांच्याकडून चूक झाली, तिचंही कौतुक. खेळता खेळता त्यांनी वरच्या खोलीतल्या भाऊजींना निरोप टाइप केला, पण बटणं सगळ्या खिडक्यांत जाताहेत हे विसरल्या. शत्रूच्या फाटकासमोर पाच शिपाई ओळीने उभे राहून ओरडले, "दूध उतू जातंय, गॅस बंद करा." तेव्हापासून अर्धा खेळ लढाईच्या आधी हीच आरोळी ठोकतो. हीच चूक माझ्याकडून झाली असती तर तो वेंधळेपणा ठरला असता.

झालीही. मीही तो प्रोग्राम गुपचूप घेतला आणि कचेरीत जेवणाच्या सुट्टीत बसवून बघितला. खेळाऐवजी पार्सलांच्या पाच खिडक्या उघड्या होत्या हे माझ्या लक्षात आलं नाही. पाच पार्सलं एकाच पत्त्यावर गेली. एका बाईंनी फरशी पुसायचा दांडा मागवला होता. त्यांना दांड्यासोबत कोणाचा तरी चष्मा, कोणाचे बूट, मोटारीचा आरसा आणि दोन किलो खिळे मिळाले. साहेबांनी मला आत बोलावून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, घरीच तर ठीक नाही.

आता मुद्द्यावर येते. खेळात एक किल्ला आहे. पाच दारांचा. रविवारी दुपारी तीन ते पाच तो उघडा असतो, आणि एका रविवारी तीनदाच आत जाता येतं. आमच्या विभागात पाचवं दार आजवर कोणी उघडलेलं नव्हतं. जी तुकडी पहिल्यांदा उघडेल तिची पाच नावं त्या दारावर कोरली जातात आणि कायमची राहतात. वहिनी चौथ्या दारापर्यंत पोचल्या होत्या. पाचवं आज नाही तर उद्या, असं सगळेच म्हणत होते.

पाच नावांत एक कडूगोळी असणार होतं. माझं नाव दारावर कोरलं जाणार आणि मी एक बटणही दाबलेलं नसणार. हा विचार मला जेवू देईना. बढती मी सोडली नाही, इतकी काही वेडी नव्हे, पण साहेबांकडून रविवार मागून घेतले. घरी येऊन वहिनींना म्हटलं, माझा वैद्य मीच चालवीन. त्यांनी एका शब्दाने आढेवेढे घेतले नाहीत. "ये की," म्हणाल्या, आणि शेजारी खुर्ची ओढली.

मी पंधरा दिवस तयारी केली होती. माझा हात मंद आहे हे मला ठाऊक होतं, आणि यंत्राच्या पुढे आपण मंद दिसायचं नाही असा पणच केला होता. कचेरीत पत्ते टाइप करतानासुद्धा मनातल्या मनात औषध मारत होते. रविवारी दाढेला ओरखडा उठला की माझं औषध हजर. वहिनींना बोट उचलायची फुरसत दिली नाही. आणि तिसऱ्या दाराशी दाढ मेली. पुन्हा आत गेलो, पुन्हा तिसऱ्याशीच मेली. मागे उभे असलेले अनोळखी लोक लिहायला लागले, आज वैद्याला काय झालंय? वहिनी हळूच म्हणाल्या, "घाई नको करूस." मी म्हटलं, "मी घाई केली नाही तर तुम्ही मंद म्हणाल." तिसऱ्या खेपेलाही तेच.

दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना वहिनी म्हणाल्या, या रविवारी पाचही मीच चालवते, तू माझ्या शेजारी बस. शेजारी बस! वरातीत घोड्याच्या शेजारून चालणाऱ्याला तरी मान असतो. मी बरं म्हटलं आणि एक कप इतका जोरात पुसला की त्याचा कान माझ्या हातात आला.

शनिवारी वहिनींना लॅबमध्ये जायचं होतं. बाकी घर रिकामं होतं. सासूबाई आडव्या झाल्या होत्या. मी मधल्या खोलीत गेले, कॉम्प्युटर चालू केला आणि वहिनींची हॉटकीची फाईल उघडली. का उघडली, ते स्पष्टच लिहिते. बिघडवायला उघडली. एखादा आकडा इकडचा तिकडे करायचा, कोणाला कळणार नाही, दार उघडणार नाही, माझं नाव परस्पर कोरलं जाणार नाही. एवढंच मला हवं होतं.

फाईल साधी होती. प्रत्येक खिडकीचा एक परिच्छेद, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वहिनींनी स्वतःसाठी लिहिलेली टीप. सुस्तबाणाच्या डोक्यावर लिहिलं होतं, "हे दर चौथा बाण मारायला विसरतात. तसंच ठेवलं आहे." उद्याच्या डोक्यावर, "एकदा सांगून हलत नाही. हुकूम दोनदा द्यावा." पाहुणीच्या डोक्यावर, "चार पावलं मागे राहते." मला हसू आलं. सगळं घर जसंच्या तसं तिथे बसवलेलं होतं. मग मी शेवटच्या परिच्छेदाशी आले. "कडूगोळी. हिला उशीर होतो. साडेसहाशे. कमी करू नये."

साडेसहाशे म्हणजे एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले साडेसहाशे. एकच बटण दाबल्यावर चार शिपाई कामाला लागायचे आणि माझी बाई अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नुसती उभी. मुद्दाम! म्हणजे यंत्रातसुद्धा माझा मंदपणा मोजून घातला होता आणि वर ताकीद, कमी करू नये. हसू जागच्या जागी गेलं. बिघडवायचं मी विसरले, खरंच विसरले. त्या क्षणी मला फक्त ती नालस्ती पुसायची होती. मी साडेसहाशे खोडून तिथे शून्य लिहिलं. म्हटलं, घ्या, आता बघा माझी बाई कशी विजेसारखी चालते. फाईल बंद करून मी भाजी चिरायला गेले आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणले.

रविवारी सगळं घर जमलं. भाऊजींनी मानेला पट्टा लावून खुर्ची पुढे घेतली. नवरा भिंतीला टेकला. सासूबाईंनी कवळी नीट बसवली. मी वहिनींच्या शेजारी, सांगितल्याप्रमाणे. माझ्या मांडीवर कचेरीतला लॅपटॉप होता, उगाच, हाताला काहीतरी हवं म्हणून. तीनला किल्ला उघडला. पहिलं दार गेलं. दुसऱ्या दाराशी दाढ डगमगली. तिसऱ्याशी दोन वारांत आडवी झाली, आणि पडद्यावर पाचही खिडक्या राखाडी झाल्या.

वहिनींनी कीबोर्डवरून हात उचलले. फाईल उघडून पाहिली नाही, प्रोग्राम तपासला नाही. सरळ माझ्याकडे वळल्या. इतक्या हळू बोलल्या की भाऊजींनासुद्धा ऐकू गेलं नसेल.

"फाईल उघडलीस?"

मी नाही म्हणणार होते. तोंडातून निघालं, "तुम्हाला कसं कळलं?"

"वैद्य लवकर आला. माझा वैद्य लवकर येत नाही."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, हो, उघडली. मी मंद आहे हे जगाला सांगायची काय गरज होती? तुमच्या यंत्रात बाकी सगळं चपळ आणि मी तेवढी ठोंब. घरातले सगळे ऐकत होते, ऐकू देत. सासूबाईंनी काय झालं काय झालं म्हणून दोनदा विचारलं.

वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते उंच लागलेल्या दाताकडे बघतात तसं, कुठे घासावं ते शोधत. मग म्हणाल्या, "अगं, आधी मी पण शून्यच लिहिलं होतं. दुसरं दार ओलांडता आलं नाही. दीड वर्ष तू उशिरा यायचीस. मला ठाऊक असायचं, हिचं औषध आत्ता नाही यायचं. म्हणून मी ढाल खाली ठेवून एक वार जास्त करायला शिकले. एक जखम, दुसरी जखम, मग तू. सगळे म्हणतात ना, दाढेचा वार दुसऱ्या कोणाला जमत नाही? तो तुझ्या उशिरात बसतो. तू पहिल्याच जखमेला औषध संपवलंस की ते पुन्हा भरेपर्यंत दुसरी जखम मला आडवी करते."

"मग मागच्या रविवारी सांगायचं होतंत."

"काय सांगू? इतकी तयारी करून आली होतीस, तुला मंद हो म्हणू?"

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, दोन बटणं दाबली आणि कोपऱ्यातली पाचवी खिडकी बंद केली. मला म्हणाल्या, तुझ्या लॅपटॉपवर उघड. अजून दोन खेपा आहेत. जशी मारायचीस तशी मार.

सांगणं सोपं आहे. तुम्हाला कोणी म्हटलं की जसा श्वास घेता तसा घ्या, की श्वास अडकतो. दुसऱ्या खेपेला मी मोजायला लागले. दाढेला जखम झाली की मनात एक, मग अर्धा, मग बटण. चौथ्या दाराशी माझी मोजदाद आणि लढाई यांची फारकत झाली आणि दाढ पडली. साडेचार वाजले होते. नवरा म्हणाला, वहिनी, हॉटकीच लावा ना परत, आकडा घालून. त्याचं बरोबर होतं. साडेसहाशे लिहायला पाच सेकंद लागले असते. मी खाली बघत बसले. वहिनी त्याला म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही उद्या बोला.

तिसऱ्या खेपेला मी मोजणं सोडलं. जाऊ दे, म्हटलं, नाहीतरी आपलं नाव लागत नाही. पहिलं दार, दुसरं दार. वहिनींची बोटं गुलाबी उंचवट्यांवर फिरत होती. करंगळी एका रेघेवर टेकलेली, मधलं बोट ठिपक्यांवरून न बघता उडी मारणारं, पाय पेडलवर, चेहरा भाकरी भाजताना असावा तसा शांत. दाढेला जखम झाली. मी त्यांच्या हाताकडे बघितलं, मनात म्हटलं, ह्या बाईला हे कसं जमतं, आणि मग औषध मारलं. दाढ उठून उभी राहिली. पुन्हा जखम, पुन्हा माझी नजर त्या बोटांवर, पोटात तीच जुनी आग, मग औषध. बरोबर वेळेला. तिसरं दार गेलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी कधीच मंद नव्हते. दीड वर्ष, दर रविवारी, दर औषधाच्या आधी मी एकदा त्यांच्या हाताकडे बघून जळून घेत होते. त्याला साडेसहाशे लागत होते. वहिनींनी माझा मत्सर मोजून फाईलमध्ये लिहून ठेवला होता, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

मग मी मनसोक्त जळले. चौथ्या दाराशी जळले, पाचव्या दाराच्या पायऱ्यांवर जळले. सासूबाई म्हणाल्या, थोरलीचा हात बघा, हात बघा, आणि मी बघतच होते. पाच वाजायला सहा मिनिटं असताना दार उघडलं. कुणी तरी टाळी वाजवली, भाऊजींनी मान विसरून उडी मारली. दारावर एकेक नाव उमटत गेलं. दाढ, सुस्तबाण, उद्या, पाहुणी. शेवटी कडूगोळी. नवऱ्याने वन्संना फोन लावला. सगळे वहिनींभोवती जमले, माझ्या पाठीवरही कोणाचा तरी हात पडला, बहुतेक चुकून.

गर्दी पांगली तेव्हा वहिनी फाईल उघडून बसल्या होत्या. शेवटचा परिच्छेद, टिपेसकट, त्यांनी निवडला आणि पुसून टाकला. चार खिडक्यांचीच फाईल राहिली. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "कशी साधलीस वेळ? मोजून?"

मोजून म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण त्या दिवशी दुसऱ्यांदाही खोटं बोलायला तोंड वळेना. मी म्हटलं, "तुमच्या बोटांकडे बघून. आधी बघते, मग मारते. पहिल्यापासून तसंच."

"माझ्या बोटांकडे कशाला?"

"जळते म्हणून."

वहिनींनी चष्मा घातला. "आणि मी इतके दिवस समजत होते, हिची नजर अधू आहे," त्या म्हणाल्या. "तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं चाललं होतं माझ्या मनात." मग हसू दाबत, पण खरोखरच काळजीत पडल्यासारख्या, त्यांनी पुसलेल्या परिच्छेदाच्या जागेकडे बोट दाखवलं. "पण अगं, आता ते काढून टाकलं मी. पुढच्या रविवारी तुझं जळणं थांबलं, तर माझं काय होईल?"

"थांबणार नाही," मी म्हटलं. "त्याची काळजी तुम्ही करू नका."